चौथऱ्याखालचा सूर

बाईंनी त्याला ओळखलं नाही याचा साउंडवाल्याला राग आला नाही. सत्तावीस वर्षांत केस जातात, पोट येतं, चष्मा लागतो. ओळखायचं तरी कशावरून. राग आला तो त्या हसल्या याचा. दुपारी चारच्या उन्हात मुलीचा हात धरून त्या स्टेजवर आल्या, गायला बसायच्या लाकडी चौथऱ्यावर बसून बघितलं, उंची ठीक आहे म्हणाल्या, आणि खाली गुडघे टेकून वायरीवर टेप चिकटवणाऱ्या माणसाकडे बघून, कुणाकडेही बघून हसावं तशा, हसल्या. ‘नवीन दिसतोस,’ म्हणाल्या. ‘नीट कर हं.’ उत्तराची वाट न बघता निघूनही गेल्या. सूर लावून बघितला नाही. दुपारचा गळा वाया घालवायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. साउंडवाल्याला ती माहीत होती. त्यांच्या सगळ्याच सवयी त्याला अजून पाठ होत्या, आणि या पाठ असण्याचीही त्याला चीड आली. टेपचा तुकडा त्याने इतक्या जोरात दाबला की नखाखाली लाकडाचं कुसळ गेलं.

या संगीत महोत्सवाचा साउंड तो गेली अठरा वर्षं करत होता. शहराबाहेर, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीलगतचं मैदान, तीन दिवस, तीन स्टेज, आणि मैदानाच्या मधोमध ताडपत्रीच्या छपराखाली त्याचं मिक्सरचं टेबल. यंदा यादीत बाईंचं नाव बघितलं तेव्हा सुट्टी टाकावी असं त्याच्या मनात आलं होतं. बायकोला तसं बोललाही. बायको म्हणाली, इतकी वर्षं जुन्या गोष्टीचा एवढा राग धरून बसायला तुला वेळ कुठून मिळतो. बायकोचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाशी बोलणं त्याला जमत नसे, म्हणून तो बोलला नाही. सुट्टीही टाकली नाही. शेवटच्या रात्री शेवटचं गाणं, एक वाजल्यानंतरचं, बाईंचं होतं.

बाई गेल्या तरी मुलगी मागे थांबली होती. मुलगी म्हणजे पन्नाशीची, आखूड पिकले केस, हातात कापडी पिशवी. तिने आजूबाजूला कुणी नाही ना हे बघितलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की आईला ऐकू येत नाही. उजवा कान पूर्ण गेलाय, डाव्यात तोंड घालून ओरडलं तर थोडं कळतं. हे कुणाला माहीत नाही आणि माहीत व्हायलाही नको. मग गातात कशा, असं त्याने विचारलं. तर ती म्हणाली, की एकदा घरी कपडे धुवायचं मशीन चालू होतं आणि आई शेजारच्या खोलीत जमिनीवर बसली होती. मशीन ज्या सुरात घुमत होतं नेमक्या त्याच सुरात ती गुणगुणायला लागली. कानाने नाही, बसल्या जागेने तिला सूर कळत होता. तेव्हापासून हा उपाय. तिने पिशवीतून बशीएवढी एक जड चकती काढली. ही चौथऱ्याच्या खालून स्क्रूने घट्ट बसवायची, हिच्यात सुराच्या यंत्रातला आधाराचा सूर सोडायचा, की फळी थरथरते. लोकांना काही ऐकू जात नाही, आईला मात्र कळतं. सोबत एक चिठ्ठी होती. कुठला सूर लावायचा ते बाईंच्या टोकदार अक्षरात लिहिलेलं. एरवी हे सगळं आईचा जुना साथीदार बघायचा, म्हणाली, पण तो या वर्षी गेला. आज व्हायोलिनला नवा माणूस आहे. तुम्ही तेवढं सांभाळाल ना? सांभाळतो, असं साउंडवाला म्हणाला, आणि ती वळल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालाय. बाईंचा कान गेला. उकळ्या फुटाव्यात तसा आनंद, आणि त्यामागोमाग त्या आनंदाची लाज, आणि लाजेपाठोपाठ पुन्हा राग, की इथेही यांच्यामुळे लाज आपल्यालाच वाटायची.

चौथऱ्याखाली उताणा पडून तो स्क्रू पिळत राहिला. तोंडावर लाकडाचा भुसा पडत होता. बारा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला पहिल्यांदा बाईंकडे नेलं होतं. वडील टपाल वाटायचे, आणि बाईंच्या इमारतीत पत्रं टाकताना जिन्यात गाणं ऐकत उभे राहायचे. त्या उभं राहण्यातून त्यांनी मुलाचं आयुष्य ठरवून टाकलं. सात वर्षं तो दोन बस बदलून जात होता. दुसऱ्या मजल्यावरची खोली, भिंतभर पुस्तकं, खिडकीच्या गजाला वाळत घातलेले पायमोजे, आणि बाईंचा नाकावरचा राग. बाई कधी चांगलं म्हणायच्या नाहीत. काही बोलल्या नाहीत म्हणजे चांगलं, असं शिष्य आपसांत समजून घ्यायचे, आणि त्याला त्या सात वर्षांत फारच कमी बोलल्या होत्या, त्यामुळे तो हवेत होता. एकोणिसाव्या वर्षी, शिष्यांनी पाहुण्यांसमोर गायची संध्याकाळ होती तेव्हा, त्याला दुसऱ्या ओळीवर बाईंनी हात वर करून थांबवलं. खोलीत तीस माणसं. बाई पाहुण्यांकडे बघून म्हणाल्या, ‘याचा कान खरा आहे. गळा खोटा.’ मग त्याच्याकडे वळून, ‘तू गाऊ नकोस. तू ऐक.’ मागे कोणीतरी हसलं. मोठ्याने नाही, नाकातून. ते हसू त्याला अजून ऐकू यायचं, दात घासताना, सिग्नलला, कुठेही. त्याने बाहेर येऊन बूट घातले आणि तो पुन्हा त्या जिन्याने वर गेला नाही. वडिलांना सांगितलं, परीक्षा आहे. पुढच्या वर्षीही परीक्षाच सांगितली. मग वडिलांनी विचारायचं सोडलं आणि पत्रं टाकायला दुसरा भाग मागून घेतला.

तेव्हापासून त्याच्या तोंडून सूर निघाला नव्हता. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाला सगळे गायला लागले की तो ओठ हलवायचा. मुलगी झाली तेव्हा अंगाईसुद्धा त्याने म्हटली नाही. नुसता थापटायचा, आणि पोर त्या थापटण्यानेच झोपायला शिकलं. पोट मात्र त्याने कानावरच भरलं. स्टुडिओत सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात करून या टेबलापर्यंत आला, आणि लोक म्हणायचे, याच्यासारखा कान नाही. दर वेळी हे ऐकलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. स्तुती त्याची नव्हती, बाईंची होती. त्यांनी सांगितलं आणि तसंच झालं, म्हणजे त्या बरोबर ठरल्या, आणि त्या बरोबर ठराव्यात म्हणून तो सत्तावीस वर्षं राबला होता.

सव्वा वाजता बाई चौथऱ्यावर येऊन बसल्या. नऊ हजार माणसं असतील. दिवसभराच्या ढोलांनी आणि बिअरने जडावलेली, काही गवतावर आडवी झालेली, काही जायला उठलेली. साउंडवाल्याच्या शेजारच्या खुर्चीत दिवेवाली बसायची, गेली सहा वर्षं तीच, स्टेजवरचे दिवे सांभाळणारी, कमी बोलणारी आणि सतत काहीतरी चघळणारी. तिने सगळे रंग काढून एक पांढरट दिवा ठेवला. सुराचं यंत्र साउंडवाल्याने चिठ्ठीत होतं तसं, तंतोतंत लावलं होतं. बाईंनी मांडीवरचे हात सोडले आणि पहिला सूर लावला. सूर खाली होता. अर्धी पायरी खाली. हा बेसूर होणारा गळा नव्हता, हा म्हाताऱ्या बाईचा, चौऱ्याहत्तर वर्षांचा, आपल्या जागी नीट बसलेला गळा होता. चिठ्ठीच चुकीची होती. एका क्षणात त्याला सगळं कळलं. बाईंनी तीस वर्षांपूर्वीचाच सूर लिहून दिला होता, गळा उतरलाय हे कागदावर कबूल करायला त्या तयार नव्हत्या, आणि तो मेलेला साथीदार दर वेळी चिठ्ठी वाचून मान डोलवत असणार आणि मूग गिळून यंत्र अर्ध्या पायरीने खाली लावत असणार. मुलीलासुद्धा त्याने कळू दिलं नसेल. यातलं काही माहीत नसलेल्या, दिलेलं काम चोख करणाऱ्या माणसाच्या हाती ती चिठ्ठी पहिल्यांदाच पडली होती.

बाईंना चौथरा एक सूर सांगत होता आणि गळा दुसरा. त्यांनी चौथऱ्याचं ऐकलं. त्या वर चढायला लागल्या, गळा तिथवर पोचेना, चिरकला, परत खाली आल्या तर खालची जागाही सुटलेली. व्हायोलिनवाल्याने चिठ्ठीबरहुकूम तारा लावल्या होत्या. तो गोंधळून थांबला आणि खुंट्या पिळायला लागला. आता मैदानावर बाईंचा आवाज एकटा, दोन सुरांच्या मधे कुठेतरी. साउंडवाल्याचा हात यंत्राच्या बटणावर होता. त्याने तो काढून मांडीवर ठेवला. राहू दे. याच्यासाठीच तर आलो होतो, हे त्याला तेव्हा स्पष्ट दिसलं. सुट्टी टाकली नाही ती याच्यासाठी. त्यांचं तोंड स्टेजशेजारच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं आणि त्या तोंडावर त्याने कधी न पाहिलेली गोष्ट होती, भीती. त्यांनी उजवा तळवा फळीवर टेकला. मग डावाही. शोधत होत्या. अर्धं मिनिट, एक मिनिट. गवतावरची माणसं उठून बसली, खोकला सुरू झाला. दिवेवालीने चघळायचं थांबवून त्याच्याकडे बघितलं. तेवढ्यात मागे कोणीतरी हसलं. नाकातून.

साउंडवाल्याच्या अंगाचा असा भडका उडाला की तो खुर्चीतून अर्धा उठलाच. हा कोण? याने सात वर्षं बस बदलल्या होत्या? याच्या बापाने जिन्यात उभं राहून ऐकलं होतं? यांच्यावर हसायचा अधिकार कोणाला असेल तर तो एकट्या आपल्याला आहे, आणि आपण हसत नाही आहोत. तो पुन्हा खाली बसला आणि यंत्राकडे हात नेला, पण यंत्राचा आता उपयोग नव्हता. यंत्र पायरी-पायरीने उतरतं, आणि बाई कुठल्याच पायरीवर नव्हत्या. त्या जिथे होत्या तिथे जाऊन, हाताला धरून त्यांना हळूहळू खाली आणायला पाहिजे होतं, आणि ते माणसाच्या गळ्यालाच जमतं. टेबलावर एक छोटा माइक असतो, स्टेजवरच्या लोकांना सूचना द्यायचा. त्याने यंत्र बंद केलं, तो माइक चौथऱ्याखालच्या चकतीला जोडला, दुसरीकडे कुठेही नाही, तोंडाशी ओढला, आणि ओठ मिटून सूर लावला.

पहिल्यांदा घशातून वाळू निघाल्यासारखं झालं. मग आवाज आला. बाई जिथे चाचपडत होत्या नेमक्या तिथे त्याने तो धरला, आणि पडद्यावर त्यांचे तळवे फळीवर चपापून थांबलेले त्याला दिसले. तो अगदी सावकाश खाली उतरला. त्या उतरल्या. त्यांच्या खऱ्या जागेवर आल्यावर तो थांबला, आणि बाईंनी डोळे मिटले आणि हात परत मांडीवर घेतले.

त्यानंतर पन्नास मिनिटं त्यांनी एकच ओळ गायली. इतक्या वर्षांत त्या टेबलामागे बसून त्याने हजारएक माणसांचं गाणं ऐकलं होतं, आणि असं ऐकलं नव्हतं. सुंदर नव्हतंच ते. आवाजाच्या कडा झिजल्या होत्या, वरचे सूर संपले होते, म्हणून त्या उरलेल्या चार-पाच सुरांतच हिंडत होत्या, आणि आपल्याच घरात अंधारात वावरणाऱ्या माणसाला कुठे काय ठेवलंय ते माहीत असावं तसं त्यांना तिथलं सगळं माहीत होतं. खाण्याच्या टपऱ्यांवरचे दिवे एकेक करून मालवले गेले. जायला उठलेली माणसं उभ्या जागी बसली. व्हायोलिनवाल्याने वाद्य मांडीवर ठेवून दिलं ते पुन्हा उचललंच नाही. आणि साउंडवाल्याचा राग चढत होता. इतकं चांगलं गायची काय गरज होती? वाईट गाणाऱ्या बाईने आपल्याला थांबवलं असतं तर तिला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तो श्वास चोरून घेत होता, त्या श्वास घेत नसतील तेव्हा, म्हणजे त्या श्वासाला थांबल्या असताना खालची फळी रिकामी पडू नये. त्यांचे श्वास त्याला अजून पाठ होते. घसा सोलवटून निघाला, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते घशाचं की कशाचं याची चौकशी त्याने केली नाही. चाळिसाव्या मिनिटाला कधीतरी त्याच्या लक्षात आलं की आपण दात-ओठ खात गातोय, आणि तरी सूर हलत नाहीये.

संपल्यावर लोक टाळ्या वाजवायला लागले. मग वाजवत राहिले. दिवेवाली डोळे पुसून दिवे चढवत होती. ‘तू गात होतास की काय मघापासून?’ तिने विचारलं. ‘मशीन बिघडलं होतं,’ तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. ती नवीन गोळी तोंडात टाकून सामान आवरायला गेली.

मिक्सरमध्ये प्रत्येक माइक वेगवेगळा मुद्रित होत असतो. सूचनांचा माइकसुद्धा. मैदान रिकामं होत होतं, त्याने कानाला हेडफोन लावले, बाकीचे सगळे माइक बंद केले आणि फक्त तो लावला. ऐकायचं नाही असं ठरवून लावला. एका माणसाचा मिटल्या ओठांचा आवाज, रुंद, भरीव, थोडा भाजलेला. मधेमधे चोरलेले श्वास. पन्नास मिनिटांत त्याने सात-आठ ठिकाणी थांबून तपासलं, आणि तो तपासतो तेव्हा शहरातले मोठमोठे गाणारे जीव मुठीत धरून बसायचे. सूर केसभरही हललेला नव्हता. कुठेही नाही. म्हणजे कान खरा असेल तर गळाही खरा होता. आणि गळा खोटा म्हणायचा तर ज्या कानावर आजवर भाकरी कमावली तोही खोटा. बाईंच्या दोन वाक्यांतलं एक पडणार होतं. कुठलं ते त्याला ऐकू येत होतं. त्याला वाटलं होतं, बाई चुकल्या असं कधी सिद्ध झालं तर आपल्याला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. इतके दिवस तो चिडत होता तो त्या खरं बोलल्या होत्या असं मानून. त्या चुकल्या होत्या तर मग ही सत्तावीस वर्षं कोणाची?

तो जवळपास धावतच गाड्यांच्या जागेपाशी गेला. बाई गाडीत मागे बसल्या होत्या, काच खाली, पायांवर शाल. मुलगी दार लावत होती. त्याला बघून तिने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला, म्हणाली, आई म्हणते असा सूर आजवर कुठल्या मशीनने दिला नव्हता. त्याने हात सोडवून घेतला. मी बाईंचा विद्यार्थी होतो, म्हणाला, त्यांना सांगा. सात वर्षं. त्यांनी भर लोकांत माझा गळा खोटा ठरवला आणि गाऊ नकोस म्हणून सांगितलं. हे त्याला बाईंच्या तोंडावर, दातओठ आवळून, हळू म्हणायचं होतं. सत्तावीस वर्षं त्याने ते हळूच म्हणून बघितलं होतं. पण ते बाईंना पोचवायचं तर एकच मार्ग होता. मुलगी खिडकीतून आत वाकली आणि आईच्या डाव्या कानाशी ओरडली, ‘आई, हे म्हणताहेत, तू यांचा गळा खोटा म्हणालीस. म्हणून यांनी गाणं सोडलं.’ पाण्याच्या बाटल्या उचलणारे दोघं जागच्या जागी थांबले. पलीकडच्या गाडीतून कोणीतरी डोकं बाहेर काढलं. साउंडवाल्याला कानशिलं तापलेली कळत होती.

बाईंनी त्याच्याकडे नीट, बराच वेळ बघितलं. आठवत नव्हतं, आठवल्याचं नाटकही केलं नाही.

‘म्हटलं असेल,’ त्या म्हणाल्या, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने, साऱ्या पार्किंगला ऐकू जाईल असं. ‘त्या काळात मी रोज कुणाला तरी म्हणायचे. रागीट होते. पण तू ते ऐकलंस कशाला?’

मुलगी खिडकीतून मागे सरकली.

‘ज्यांना गायचं होतं ते गात राहिले,’ बाई म्हणाल्या. त्यात हेटाळणी नव्हती. दमल्या होत्या, आणि विचारलं म्हणून सांगत होत्या.

मुलगी अवघडून उभी होती. ‘आणखी काही सांगू का आईला?’ तिने विचारलं. एक गोष्ट होती. चौथऱ्याखालचा सूर मशीनचा नव्हता. तेवढं एक वाक्य कानाशी ओरडून सांगितलं असतं तर बाईंनी मान तिरकी करून विचार केला असता आणि त्या गळ्याबद्दल काहीतरी बोलल्या असत्या, चांगलं किंवा वाईट, आणि जे बोलल्या असत्या ते घेऊन तो पुन्हा जिना उतरला असता. ‘काही नाही,’ साउंडवाला म्हणाला. ‘घेऊन जा त्यांना. उशीर झालाय.’

गाडी धावपट्टीवरून निघून गेली. तो तिथेच उभा राहिला. राग होता तसाच होता, जराही कमी झाला नव्हता, फक्त आता त्या रागाला समोर कोणी नव्हतं. ज्यांना गायचं होतं ते गात राहिले. त्याने ते वाक्य मनात पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं, एखाद्या गाणाऱ्याची चूक शोधावी तसं सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कुठेतरी खोटं असेल, असणारच, म्हणून तो ऐकत राहिला. त्याचा कान खरा होता. त्याला काही सापडलं नाही.